सरळ उभी राहा

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, पण हात धजत नव्हता. गोष्ट २०२४ च्या डिसेंबरातली आहे. पुण्याहून नात आली होती. एक दिवस सकाळी चहा पिता पिता म्हणाली, "आजी, इथे लातूरला दोन दिवसांची नृत्याची कार्यशाळा आहे. वयाची अट नाही. चल माझ्याबरोबर."

मी म्हटलं, "अगं बाई, त्र्याहत्तराव्या वर्षी नाच? माझ्या दोन्ही गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिलाय."

"नाच शिकायचा नाहीच आहे. आपल्या शरीरात वसाहतवाद कुठे कुठे शिरलाय ते शोधायचंय."

आता वसाहत म्हटलं की मला एमआयडीसी आठवते. औद्योगिक वसाहत. फार तर आमची शिक्षक वसाहत. नात हसली आणि तिने मला समजावून सांगितलं. इंग्रज गेले पण त्यांनी शिकवलेलं चांगलं-वाईट, सभ्य-असभ्य आपल्या अंगात राहून गेलं, ते हालचालींतून ओळखायचं, वगैरे वगैरे. मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं आहे, त्यामुळे शंका काढल्याशिवाय राहवत नाही. म्हटलं, "पण आपल्याकडे इंग्रज होते कुठे? आपल्याकडे होता निजाम."

खरंच आहे ते. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. माझे वडील उर्दू माध्यमात शिकले, आणि शेवटपर्यंत घरचा हिशेब उर्दूतच लिहायचे. इंग्रज होता तो निजामाच्या डोक्यावर बसलेला रेसिडेंट, आणि अंबाजोगाईची छावणी, जिला तेव्हा मोमिनाबाद म्हणत. खेड्यातल्या माणसाने गोरा साहेब बघितलासुद्धा नसेल. मग आमच्या अंगात तो शिरणार कुठून?

नात म्हणाली, "हे तिथे विचार." म्हणून गेले. खरं सांगायचं तर वाद घालायलाच गेले.

एका मंगल कार्यालयाचा वरचा हॉल होता. सतरंज्या अंथरलेल्या. आम्ही पंधरासोळा जण. कॉलेजातली मुलं-मुली, दोन नर्स, एक बँकेतले गृहस्थ, किनवटकडचा एक गोंड मुलगा आणि मी. शिकवणारी मुलगी मूळची उदगीरकडची, आता मुंबईला असते. भरतनाट्यम शिकलेली. तिशीची असेल. बोलणं अगदी साधं.

तिने सगळ्यांना उभं केलं आणि म्हणाली, "डोळे मिटा. 'नीट उभी राहा', 'नीट उभा राहा' असं तुम्हाला पहिल्यांदा कुणी म्हटलं, ते आठवा. आठवलं की तेव्हा शरीराचं काय झालं ते करून दाखवा. बोलायचं नाही."

थोड्या वेळाने तिने डोळे उघडायला सांगितले. बघते तर हॉलभर माणसं ताठ उभी. टाचा जुळलेल्या, मुठी मांडीला चिकटलेल्या, हनुवटी वर. कुणाचे खांदे कानापर्यंत गेलेले. एका नर्सने दोन्ही हात छातीशी घेतले होते, जणू कुणी ओढणी नीट कर म्हणून ओरडलं होतं.

मग एकेकाने सांगितलं. एखाददुसऱ्याला वडील आठवले होते. बाकी सगळ्यांना शाळा. सर. बाई. शिट्टी.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, मला काही आठवलं नाही. खोटं बोलले. मला आठवलं होतं, पण उलट्या बाजूने. या सगळ्यांच्या गोष्टीतली ती 'बाई' मीच होते.

रात्री झोप लागली नाही. आता जे लिहिते आहे ते नातेवाइकांपैकी कुणालाच ठाऊक नाही.

१९८४ साल. मी तेव्हा कंधार तालुक्यातल्या एका गावी शाळेत होते. मराठी शिकवायची, आणि मुलींची शारीरिक शिक्षणाची तासिकाही माझ्याचकडे, कारण शाळेत मी एकटीच बाई. १७ सप्टेंबर जवळ आला होता. मराठवाड्यात त्या दिवशी झेंडावंदन असतं हे तुम्हाला माहीत आहेच. पाहुणे येणार होते, त्यांच्यासमोर मुलींचं लेझीम. आठ दिवस सराव चालला होता. पाऊस आला म्हणून मुलींना व्हरांड्यात घेतलं आणि मी हेडसरांकडे सही घ्यायला गेले.

परत येते तो व्हरांड्यात टाळ्यांचा आवाज. जवळच्या तांड्यावरच्या तीन बंजारा मुली आमच्या शाळेत होत्या. त्यातली सातवीतली एक पुढे, दोघी मागे, लेझीम खाली ठेवून त्या त्यांची लेंगी नाचत होत्या. लेंगी म्हणजे होळीतलं त्यांचं गाणं आणि नाच. गोल फिरायचं, कमरेतून वाकायचं, टाळी द्यायची, उठायचं. बाकीच्या मुली भोवती बसून फिदीफिदी हसत होत्या. पण ती हसत नव्हती. ती अशी नाचत होती की शाळेत कुणी आहे याचं तिला भानच नव्हतं.

मी शिट्टी वाजवली आणि ओरडले, "हा काय तांडा आहे का? सरळ उभी राहा!"

ती उभी राहिली. एकदम सरळ. टाचा जुळलेल्या.

दुसऱ्या दिवसापासून ती लेझमाला पहिल्या रांगेत, सगळ्यांत नीट. पाहुण्यांनी कौतुक केलं. मी तिला पेन बक्षीस दिला. शाळेत असेपर्यंत मी तिच्या तोंडून तिच्या बोलीतला एक शब्द पुन्हा ऐकला नाही, आणि मला वाटायचं, बघा, किती सुधारली लेकरू!

त्या रात्री मी माझ्याशीच भांडत होते. म्हटलं, लेझीम काय इंग्रजांचं आहे? ते तर आपलं. मग आठवलं की 'लेझीम' हा शब्दच मुळात फारसी, सरावाच्या धनुष्याचा. दोरीऐवजी लोखंडी साखळी असलेलं जड धनुष्य, तालमीत ताकद कमवायला वापरायचे. आम्ही दिलेले हुकूमसुद्धा हिंदुस्तानी. चार आवाज, एक जगह, आदी लगाव, दो रुख. आणि 'कवायत'? ती तर अरबी 'कवाइद'वरून आली. कायदा या शब्दाचं अनेकवचन. पुष्कळ कायदे म्हणजे कवायत! शब्द अरबी, पण रांगेत उभं करून एका आवाजावर शंभर पाय उचलायची रीत युरोपातल्या फौजांची. महादजी शिंद्यांनी द बॉयनकडून आपली पलटण तशी तयार करून घेतली, निजामाने रेमंड नावाच्या फ्रेंच माणसाकडून. पुढे फौजेतली ती कवायत शाळेच्या पटांगणात आली. बडोद्याच्या प्रोफेसर माणिकरावांसारख्यांनी तिला देशी व्यायाम आणि देशी हुकूम दिले, इंग्रजांपुढे आपली मुलं दुबळी दिसू नयेत म्हणून. त्यांची तळमळ खरी होती. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मंडळी १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे जाऊन देशी खेळ दाखवून आली, ते याच तळमळीतून.

म्हणजे माझ्या नातीला शंकेचं उत्तर माझ्याच कपाटात सापडलं असतं. साहेब खेड्यात यायची गरजच नव्हती. त्याची शिट्टी आली होती, आणि ती माझ्या गळ्यात होती.

पण म्हणून लेझमाला नावं ठेवायची का? तेही मला जमत नाही. माझी आई आयुष्यात कधी धावली नाही. लग्नानंतर तिने हात खांद्याच्या वर नेला असेल तो फक्त शिंक्यातलं काढायला. आणि माझ्या शाळेतल्या मुली पटांगणाच्या मधोमध, सगळ्या गावासमोर, पाय आपटत, हात फेकत खेळायच्या. त्यांच्या आया कुंपणापाशी उभ्या राहून बघायच्या. ते खोटं नव्हतं. लेझमाने मुलींना मैदान दिलं. चूक लेझीम शिकवण्यात झाली नाही. ते शिकवताना दुसरं काही बघायचंच नाही असं मी ठरवलं होतं, चूक ती होती.

आणि ती मुलगी कुणाची होती? नकाशे नव्हते तेव्हापासून बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून दख्खन पालथी घालणाऱ्या लोकांची. फौजांना दाणागोटा हेच पोचवायचे. रेल्वे आणि सडका आल्या, धंदा गेला. मग इंग्रजांचा १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आला, आणि ब्रिटिश मुलखात काही ठिकाणी त्यांची नावं त्या यादीत चढली. भटकतो तो चोर, हा त्यामागचा हिशेब. कायदा १९५२ साली रद्द झाला, महाराष्ट्रात बंजारे 'विमुक्त जाती'त आहेत. विमुक्त! पण शाळेच्या व्हरांड्यात 'हा काय तांडा आहे का' म्हणणारी मी त्या कायद्याचीच भाषा बोलत होते. 'तांडा' हा शब्द मी शिवीसारखा वापरला. त्या मुलीसाठी ते घर होतं.

दुसऱ्या दिवशी कार्यशाळेत सांगितलं गेलं की ज्याने त्याने आपल्या घरचा, गावचा नाच दाखवावा. बँकवाल्यांनी पावली धरली. नर्सबाईंनी भोंडल्याचा फेर धरला. किनवटचा मुलगा मात्र उठेना. त्यांच्याकडे दिवाळीत दंडार असते, मोरपिसांचा मोठा टोप घालून गुसाडी नाचतात. हल्ली ते लोकांना थोडं माहीत झालं आहे, कारण पलीकडे तेलंगणात गुसाडी शिकवणाऱ्या कनक राजूंना २०२१ साली पद्मश्री मिळाली. पलीकडे म्हटलं खरं, पण किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होतं. रेघ नंतर ओढली गेली.

तो मुलगा म्हणाला, "टोप डोक्यावर चढला की तो माणूस राहत नाही, देव असतो. ते दिवाळीत गावात असतं. असं डिसेंबरात हॉलमधी नाही करता येत."

सगळे गप्प. शिकवणारी मुलगी जरा वेळाने म्हणाली, "बरोबर आहे तुझं. मी मागितलं हेच चुकलं." आणि मग तिने तिची गोष्ट सांगितली. ती जे भरतनाट्यम शिकली ते पूर्वी सदिर म्हणून ओळखलं जायचं, देवळांतून आणि दरबारांतून देवदासी नाचायच्या. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पाद्री, साहेब आणि आपलेच शिकलेले सुधारक, सगळ्यांनी मिळून त्याला घाण ठरवलं. १९३५ साली रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी ते रंगमंचावर आणलं, प्रतिष्ठा मिळवून दिली, नाच वाचला. १९४७ च्या मद्रासच्या कायद्याने देवळातला नाच बंद झाला. चांगल्या घरच्या मुली क्लासला जाऊ लागल्या, आणि ज्यांचा तो नाच होता त्या बायकांच्या मुली मात्र बाहेर राहिल्या. "मी त्या क्लासमधून आलेय," ती म्हणाली. "म्हणून मला विचारत राहावं लागतं."

मला आमची माळेगावची यात्रा आठवली. खंडोबाची, लोहा तालुक्यातली. आता तिथे लावणी महोत्सव होतो, सरकारी मंडप असतो. माझ्या लहानपणी त्या यात्रेत फड असतात म्हणून घरातल्या बायकांना तिकडे बघायलाही बंदी. वडील आणि काका मात्र दरसाल बैल बघायला जायचे! बैल किती दिवस बघायचे असतात, हे आईने त्यांना कधी विचारलं नाही. तमाशावर तर १९४८ साली मुंबई राज्यात बंदीच आली होती. स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं आणि बंदी घालणारे आपलेच लोक होते.

शेवटी मी उभी राहिले आणि १९८४ ची गोष्ट सांगितली. सांगताना आवाज कापत होता. वाटलं होतं, कुणी म्हणेल, जाऊ द्या हो बाई, काळच तसा होता. कुणी म्हटलं नाही. शिकवणाऱ्या मुलीने एवढंच विचारलं, "तिला सांगितलंत का हे?"

तिला? चाळीस वर्षं झाली की!

पण नंबर शोधायला वेळ लागला नाही. जुन्या विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहेच. ती आता स्वतःच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, नांदेडला राहते. नाव लिहीत नाही. चार दिवस फोन हातात घेऊन ठेवत होते. मग एकदा लावलाच. खुशाली झाली, लेकरांचं विचारून झालं. मग मी एका दमात सगळं सांगून टाकलं आणि म्हटलं, "माझं चुकलं गं."

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग ती म्हणाली, "ते तुम्ही होतात का बाई? वाक्य आठवतंय मला. पण इतके दिवस मला वाटायचं, हेडसर ओरडले होते. तुमचा पेन आठवतो मला."

मला काय बोलावं सुचेना. म्हणजे तिने माझं वाक्य दुसऱ्याच्या नावावर टाकून मला वाचवलं होतं.

ती पुढे म्हणाली ते मात्र मी विसरू शकत नाही. "बाई, माफी काय मागायलात. मी बी तेच करते की. माझ्या वर्गात तांड्यावरची लेकरं आहेत. जोरात बोलायलीत की मी म्हणते, हा तांडा नाही, शाळा आहे. मी गोरमाटी असून म्हणते."

दोघीही गप्प. फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "होळीला या आमच्या तांड्यावर. माझी याडी आहे अजून." याडी म्हणजे आई.

मार्चमध्ये गेले. नात नव्हती, परीक्षा होती तिची. जावयांनी गाडीने सोडलं. तांडा आता ओळखू येत नाही. सिमेंटचे रस्ते, स्लॅबची घरं, डीजे. बहुतेक बायका साड्यांत. फेटिया-कांचळी घातलेल्या मोजून तीन म्हाताऱ्या, त्यातली एक माझ्या विद्यार्थिनीची आई. केसांत चांदीची घुगरी. माझ्याकडे बघून हसली. मी कोण हे तिला सांगितलेलं होतं की नाही, कुणास ठाऊक. मी विचारलं नाही.

रात्री उशिरा डीजे बंद झाला तेव्हा म्हाताऱ्यांनी लेंगी धरली. तरुण पोरी आधी मोबाईल घेऊन उभ्या होत्या, मग त्यातल्या दोघीतिघी मागे लागल्या. माझी विद्यार्थिनी पदर खोचून आत गेली. पहिल्या फेरीला तिचं चुकत होतं, टाळी उशिरा पडत होती. त्रेपन्न वर्षांची बाई, आईकडे बघून बघून शिकत होती. तिसऱ्या फेरीला कमर वाकली आणि मला व्हरांडा दिसला.

तिच्या आईने येऊन माझा हात धरला. मी म्हटलं, गुडघे. तिने हातवारे करून सांगितलं, पाय नको, टाळी दे. मी टाळी देऊ लागले. आणि काय सांगू, माझी टाळी काही केल्या त्यांच्या टाळीवर पडेना. माझे हात मोजत होते. एक, दोन, तीन, चार. चार आवाज. एक जगह. म्हातारीने दोनदा माझे हात धरून थांबवले, तिच्या टाळीची वाट बघायला लावली, आणि पुन्हा सोडले. पुन्हा माझं चार. ती खो खो हसली.

परत येताना गाडीत माझी मीच ताठ बसले होते. जावई म्हणाले, "टेकून बसा की आत्या, लांब जायचंय."

विद्यार्थिनीचा परवा फोन आला होता. तिने वर्गात 'तांडा' म्हणणं सोडलंय म्हणाली. "पण बाई, तोंडात येतंच. मग गिळते." मी म्हटलं, माझंही तसंच आहे. बोळात मुलं खेळताना दंगा करतात, तेव्हा उजवा हात आपोआप गळ्याकडे जातो. शिट्टी काढून ठेवून वर्षं लोटली, पण हाताला अजून कळलेलं नाही.

असो. तुमच्यापैकी कुणी माझ्या लेझमाच्या रांगेत उभं असेल आणि तुम्हालाही मी असं काही म्हटलं असेल, तर सांगा. दुसऱ्या कुणाच्या नावावर टाकू नका.